घालणाऱ्याचा शब्द

(खिडकीच्या बाजूला ताई आणि धाकटा. आरशाच्या बाजूला दादा आणि वहिनी. मध्ये कटिंगचं टेबल. टेबलाच्या टोकाला, पाठीशी दोन उशा लावून, बाई.)

आणि तरीही विषयाला कुणी हात घालेना, तेव्हा ताईने घातला, पण भलतीकडूनच.

"बाई, आज वार कोणता?"

बाईने ताईच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या कॉलरकडे. कॉलरचं एक टोक दुमडलं होतं. बाईने हात लांब करून ते सरळ केलं.

"वार, बाई. काल शनिवार झाला. मग आज?"

"झाली परीक्षा सुरू," दादा म्हणाला.

"सहज विचारतेय मी."

"तू सहज काहीच विचारत नाहीस. तुझ्या शाळेतली धडधाकट पोरं तुला बघून वार विसरतात. ही तर आजारी आहे."

ताई गप्प बसली. मुख्याध्यापिकेला गप्प बसवणारा माणूस जगात एकच होता, आणि तो तिच्या पाठीवर नाही तर तिच्या आधी जन्मला होता, ही तिची जुनी तक्रार.

रविवार असल्याने दुकान बंद होतं. शटर कमरेपर्यंत वर, शिलाईची मशीनं कापडाखाली झाकलेली. वरच्या मजल्यावर सगळ्यांना पुरेल असं टेबलच नव्हतं, त्यामुळे या घरातलं महत्त्वाचं सगळं पहिल्यापासून इथेच ठरत आलं होतं. ताईने शिक्षिका व्हायचं ते इथे. धाकट्याने घरचा धंदा सोडून जहाजावर आचारी व्हायचं तेही इथेच, याच टेबलावर मूठ आपटून. आणि बाईला तिची मुलं 'आई' न म्हणता 'बाई' म्हणू लागली तीही इथेच, कारण मशीनच्या आवाजात 'आई' तिच्या कानापर्यंत पोचायचं नाही आणि गिऱ्हाइकाने मारलेली 'बाई' ही हाक मात्र नेमकी पोचायची.

बाईच्या हातून एका निळ्या कोटाची उजवी बाही डावीकडे लागली, तेव्हापासून आजार घरात होता. आधी नावं गेली, मग रस्ते, मग वाक्यं. आता घास जात होता. जात होता म्हणजे चुकीच्या वाटेने जात होता. गिळलेलं श्वासनळीत उतरायचं, छाती भरायची, ताप चढायचा. असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला दवाखान्यातल्यांनी घरी सोडताना सांगितलं होतं, पोटात नळी बसवता येईल, तोंडाने खायला नको. विचार करून कळवा. घरी येऊन तपासणाऱ्या डॉक्टर आज दुपारी उत्तर ऐकायला येणार होत्या.

"मी स्पष्ट बोलतो," धाकटा म्हणाला. त्याची सुट्टी संपत आली होती आणि तो सगळंच स्पष्ट बोलत होता. "अख्ख्या बोटीला मी रोज जेवू घालतो. आणि माझी आई घरात उपाशी? नळी बसवा. विषय संपला."

"बोटीला तू घालतोस. हिला कोण घालतं, ते बघितलंस?" दादा म्हणाला.

"मी वहिनीला कुठे काय म्हणालो?"

"काहीच म्हणाला नाहीस. तेच तर."

"दादा, तू विषय बदलू नकोस," ताई म्हणाली. "तिचं मनगट बघ. माझ्या दोन बोटांत मावतं. नळीने निदान पोटात किती गेलं ते कळेल तरी. खाल्लं की सांडलं, याचा रोजचा घोळ नको."

"तुला कळेल गं. तिला काय मिळेल?"

"अन्न मिळेल."

"अन्न म्हणजे पिशवीतलं पाणी. चव नाही, वास नाही."

"चवीसाठी मरू द्यायचं का तिला?" धाकटा म्हणाला.

बाई टेबलाच्या कडेवर तळवा फिरवत होती, कापडाची सुरकुती काढावी तसा. टेबलावर कापड नव्हतं.

"नळी बसवा," वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. दादा तर पुरता वळला, खुर्चीसकट.

"अगं, पण काल तर तू..."

"काल तुमची बायको म्हणून बोलले. आज चमचा धरणारी म्हणून बोलतेय." वहिनीचा आवाज चढला नाही. "ती ठसकली की मी चमचा खाली ठेवते. पाठ चोळते, वाट बघते, पुन्हा चमचा उचलते. एखाद्या दिवशी ठसका थांबला नाही, तर तुम्ही कुणी मला काही बोलणार नाही. ठाऊक आहे मला. चांगली माणसं आहात. नुसते बघाल. ताई, तुम्ही तर बघालच."

ताईने सरळ असलेली कॉलर पुन्हा सरळ केली.

(खिडकीच्या बाजूला ताई, धाकटा आणि आता वहिनी. आरशाच्या बाजूला दादा एकटा, आणि आरशात आणखी एक दादा, तोही एकटाच.)

"ठीक आहे," एकटा दादा म्हणाला. "तीन विरुद्ध एक. पण या दुकानात मतं मोजून कापड कापलेलं नाही आजवर. शब्द घालणाऱ्याचा."

हा आजोबांचा नियम. आजोबांनी एकदा एका माणसाचा कोट त्याच्या थोरल्या भावाच्या सांगण्यावरून कापला होता. माप बरोबर, कापड उंची, शिलाईत बोट ठेवायला जागा नाही. घालणारा आला, आरशासमोर उभा राहिला आणि मिशीवाला बाप्या माणूस हुंदके देऊन रडला, कारण जन्मभर भावाचेच कोट घातल्यासारखं त्याला वाटत होतं. तेव्हापासून घालणारा स्वतः समोर उभा राहून 'काप' म्हणत नाही तोवर कात्री उचलायची नाही. बाईने हा नियम दुकानातून उचलून घरात आणला. धाकट्याने मूठ आपटली त्या दिवशी सगळे त्याच्यावर तुटून पडले होते आणि बाईने एवढंच विचारलं होतं, "घालणार कोण आहे? तू ना? मग तू सांग." आणि तो म्हणाला होता, "काप."

"मग विचार तिला," धाकटा म्हणाला. "होऊन जाऊ दे."

दादा उठून बाईच्या समोर गेला. घसा साफ केला. गिऱ्हाइकाशी बोलताना काढायचा आवाज त्याने काढला.

"बाई, दवाखान्यातले म्हणतात, तुझ्या पोटात नळी बसवायची. आपल्याला नको ना ती? तू आपली तोंडानेच खाशील ना?"

बाईने मान वर केली. कित्येक दिवसांत कुणी पाहिली नव्हती अशी धार तिच्या डोळ्यांत आली. टेबलावरचा हात थांबला.

"काप," ती म्हणाली. दुकानातल्या आवाजात, लख्ख.

दादाचे डोळे भरून आले. "ऐकलंत?"

"थांब, थांब. उत्तर घालून प्रश्न विचारलास तू. असा शिंपी मी बोटीवरून ढकलून दिला असता." धाकटा दादाला बाजूला सारून पुढे झाला. "बाई, इकडे बघ. मी आहे. नळी बसवूया ना? पोट भरेल तुझं. ताकद येईल."

"काप."

तोच आवाज, तीच धार.

ताईला तिथेच थांबता आलं असतं. पण उत्तरपत्रिका तपासताना शंका आली की ती पुन्हा तपासायची तिला सवय होती.

"बाई," तिने विचारलं, "मी कोण?"

"काप," बाई म्हणाली आणि प्रसन्न हसली. काम झालं होतं. ती पुन्हा टेबल चोळू लागली.

घालणाऱ्याचा शब्द मिळाला होता, तीनदा मिळाला होता, आणि त्याचं काय करायचं हे चौघांपैकी एकालाही कळत नव्हतं.

"हे शटर अजून जरा वर होतं का?" बाहेरून आवाज आला. "माझी कंबर तुमच्या वयाची नाही."

*

(बाईच्या गुडघ्यांशी, बटणं लावायच्या बुटक्या स्टुलावर, डॉक्टर. बाकीचे जिथे होते तिथे, पण उभे.)

डॉक्टर बाईच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या आणि काही बोलल्याच नाहीत. ताई वाट बघत राहिली, आता विचारतील, मग विचारतील. त्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने बाईचा हात त्यांच्या बॅगेच्या पट्ट्यावर गेला, पट्ट्यावरून शिवणीवर, शिवणीवरून एका उसवलेल्या जागेवर.

"सुटलंय ना इथे?" डॉक्टर म्हणाल्या.

"हं," बाई म्हणाली. नापसंतीने.

मग त्यांनी वर पाहिलं. "शटरबाहेर ऐकलं मी शेवटचं. मन लावून घेऊ नका. ती उत्तर देत नव्हती असं नाही. तुम्ही दुकानातल्या जागेवर बसवून दुकानातल्या आवाजात विचारलंत, तिने दुकानातलं उत्तर दिलं. पण नळी म्हणजे काय, ती लावली तर पुढे कसं, नाही लावली तर कसं, हे सगळं एकदम डोक्यात धरून तोलणं आता तिला जमणार नाही. पट्टा हातात आहे, त्याचं ती सांगते."

"मग तिला विचारायचंच नाही?" दादाने विचारलं.

"विचारायचं. पण जे समोर आहे तेच. आणि मोठं ठरवायचं असेल तेव्हा शब्दांकडे कमी बघायचं आणि ती करते काय, तिकडे जास्त."

"ते राहू दे," धाकटा म्हणाला. "मला सरळ सांगा. नळीने ती जगेल का जास्त?"

"सरळ सांगते. या आजारात, या टप्प्यावर, नळीने माणसं जास्त जगतात असं दिसलेलं नाही. छाती भरायचीही थांबत नाही, कारण थुंकी असते, पोटातलं उलटून वर येतं. हातानेच भरवलं तरी ठसका लागणार, ताप येऊ शकतो. यातल्या कुठल्याच वाटेने आजार मागे फिरत नाही. माझ्याकडे चांगली आणि वाईट अशा दोन वाटा असत्या तर मी फोनवरच सांगितलं असतं, वाकून शटरखालून आले नसते."

धाकटा खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

ताईचं लक्ष बाईच्या बोटांकडे होतं. पट्ट्याचा सुटलेला दोरा बोटांनी पकडला होता आणि आता दोन टोकं जुळवून गाठ मारायचा प्रयत्न चालला होता. गाठ होत नव्हती. पण बोटं कंटाळत नव्हती.

"समजा बसवली," ताई म्हणाली, "आणि तिने ती ओढली, तर?"

"पोटावर पट्टा लावून झाकतात. तरी हात जातच राहिला तर काही ठिकाणी हात अडकवून ठेवतात. सगळ्यांचे नाही. हिचा जाईल का, ते मी कसं सांगू? तुम्ही ओळखता तिला."

आणि ताईला दवाखाना दिसला, तिथली ती पलंगाची कड, नाकातली बारीक नळी आणि ती बाईने पुन्हा पुन्हा उपसून टाकली म्हणून हातांत चढवलेले जाड पांढरे मोजे, मोज्यांच्या नाड्या पलंगाला, आणि त्या मोज्यांच्या आत अंधारात बाईची बोटं दिवसभर काही तरी शोधत असलेली, एका मोज्याची शिवण तिने आतून उसवली तेव्हा नर्स हसून म्हणाली होती, फार चळवळ्या आहेत तुमच्या आई, आणि ताईही हसली होती, आणि त्यानंतर दुसरा मोजा आला होता, जास्त जाड, आणि मग बोटं थांबली होती आणि बोटांबरोबर बाईने डोळे उघडणंही थांबवलं होतं, घरी येऊन हात मोकळे होईपर्यंत.

"ट्रायल झालीये," ताई म्हणाली.

"कसली?"

"नळीची. दादा, तू गिऱ्हाइकाला नुसतं तोंडी विचारतोस का, कोट आवडेल का म्हणून? कच्चे टाके घालून अंगावर चढवतोस आणि बघतोस कुठे आखडतंय. हिच्या अंगावर चढवून झालंय. तिने उसवून फेकलं."

"ताई, तू माझ्या बाजूने होतीस," धाकटा म्हणाला.

"होते."

"नाकातली आणि पोटातली एक नाही."

"बरोबर आहे त्यांचं," डॉक्टर म्हणाल्या. "पोटातली पुष्कळ कमी खुपते."

"असेल. पण मला वाटतं, ती नुसती नळी काढत नव्हती. हात सोडवत होती." ताईचा वर्गात शिकवायचा आवाज कुठेतरी राहून गेला होता. "हे हात बांधायला लागले तर मग उरलं काय तिचं? बघ ना. आत्ताही काम करताहेत."

धाकट्याने पाहिलं. मग म्हणाला, "मी तिकडे मधल्या समुद्रात असणार. लोक ताट भरभरून घेऊन जाणार माझ्यासमोरून. आणि मला दर वेळी वाटणार की ती उपाशी आहे."

"ती जेवढं घेऊ शकते तेवढं तिला मिळेल," डॉक्टर म्हणाल्या. "हळूहळू शरीरच कमी मागायला लागतं. न देणं वेगळं, आणि तिने मागितलं तेवढंच देणं वेगळं. तुमच्या बोटीवर एखाद्याने ताट पुढे सारलं तर तुम्ही त्याचं नाक दाबून भरवत नाही ना?"

"कप्तानाला एकदा भरवावं असं वाटलं होतं," धाकटा म्हणाला आणि नाक पुसलं.

वहिनी अजून खिडकीपाशीच होती. "म्हणजे चमचा पुन्हा माझ्याच हातात."

हे ताईच्या लक्षात यायला हवं होतं. आलं धाकट्याच्या.

"वहिनी," तो गठ्ठ्यावरून उठला. "ठसका लागला, तिचं काही झालं, तर ते आजाराने. तुमच्यामुळे नाही. मी इथे असलो तरी हेच म्हणेन, नसलो तरी."

"आत्ता म्हणताय, भाऊजी."

"म्हणून तर डॉक्टरांसमोर म्हणतोय."

"मीही म्हणते," ताई म्हणाली. "आणि वहिनी, मी बघितलं असतं. तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं. आता नाही बघणार. शनिवार-रविवार चमचा माझ्याकडे. मग माझ्याकडे कोण कसं बघतंय ते तुम्ही बघा."

वहिनीने दादाकडे पाहिलं. "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मी कधी असलं बोलतो का?"

"तेच तर."

दादाने टेबलावरची टेप उचलली, गुंडाळली, उलगडली. "तुझा दोष नसेल," तो म्हणाला. "कधीच. सकाळचं मी भरवीन. दुकान उशिरा उघडलं तर उघडलं."

मग बोलणं पुढे सरकलं, अडखळत, एकमेकांच्या वाक्यांवर पाय देत. पक्की शिलाई आज घालायचीच नाही, दादा म्हणाला, कच्चे टाके घालू, महिनाभर हातानेच भरवून बघू, मग डॉक्टर येतील आणि कुठे आखडतंय ते बघू. डॉक्टर म्हणाल्या, आम्हीही असंच करतो, फक्त आमच्याकडे त्याला इतकं चांगलं नाव नाही. वजन रोज करायचं नाही, यावर ताई थोडी भांडली आणि हरली. ताप आला तर आधी घरीच औषध आणि डॉक्टरांना फोन, धावत दवाखान्यात नाही. धाप लागली तर त्यावरही घरीच उतारा देता येतो, हे ऐकून वहिनीने पहिल्यांदा खुर्ची ओढून घेतली. धाकट्याचं म्हणणं एवढंच होतं की दवाखान्यात न्यायचं की नाही हे ठरवण्याआधी त्याला विचारायचं.

"बोटीवर फोन लागतो का तुला?"

"लागेपर्यंत लावायचा."

"आणि नाही लागला तर?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं, मग ताईकडे, मग बराच वेळ वहिनीकडे. "तर वहिनी सांगतील तसं."

"तर ठरलं," दादा म्हणाला, आणि 'काप' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता हे सगळ्यांना दिसलं. त्याने तो गिळला.

*

(आता बाजू सांगता येत नाहीत. सगळे टेबलाच्या एकाच टोकाला, एकमेकांच्या कोपरांत.)

धाकट्याने सकाळीच भोपळ्याचं सूप करून ठेवलं होतं, चमच्यावर थांबेल इतकं दाट. ते गरम करून खाली आणलं. डॉक्टरांनी दाखवलं, बाईला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धाच, आणि गळा हललेला दिसल्याशिवाय दुसरा घास नाही.

"आणि बोलायचं नाही," वहिनी म्हणाली. "बोललं की ती ऐकायला जाते आणि गिळायचं विसरते. ताई, जमेल?"

"जमेल."

"एकही प्रश्न नाही."

"हा शेवटचा धरून?" ताईने विचारलं आणि चमचा हातात घेतला.

बाईने तोंड उघडलं नाही. चमचा तिच्या ओठांपुढे थांबला. खा ना, आवडत नाही का, गरम आहे का, मी कोण आहे ओळखलंस का, अशी प्रश्नांची सगळी फौज ताईच्या जिभेवर येऊन उभी राहिली आणि ताईने ती तिथेच उभी ठेवली. हात भरून आला. दादाने खाकरायला तोंड उघडलं आणि वहिनीने त्याच्या पायावर पाय दिला. बाईने सुपाचा वास घेतला. ताईच्या बोटांकडे पाहिलं. मग तिने तोंड उघडलं, अगदी थोडं, सुई जाईल एवढं, आणि मग चमचा जाईल एवढं.

गळा हलला.

दुसरा चमचा. थांबणं. गळा हलला. तिसऱ्याला एक बारीक ठसका आला आणि वहिनीची मूठ आवळली, ताईने पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. ठसका आला तसा गेला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

चौथा चमचा ताईने पुढे केला तेव्हा बाईने तिचं मनगट धरलं. बोटांत जोर होता, ताईला वाटला होता त्याहून किती तरी जास्त. बाईने चमचा तिच्या हातातून सोडवून घेतला, सावकाश, न सांडता, टोक उलट फिरवलं आणि ताईच्या तोंडासमोर धरलं. आणि वाट बघू लागली.

धाकटा पुढे व्हायला गेला. डॉक्टरांनी मान हलवून त्याला थांबवलं.

शाळेतली तिच्या धाकातली सगळी पोरं आत्ता शटरखालून बघत असती तरी ताईने तेच केलं असतं. तिने तोंड उघडलं. बाईने घास दिला आणि तिच्या गळ्याकडे बघत राहिली, तो हलेपर्यंत.

"कसं झालंय?" बाईने विचारलं.

अख्खं वाक्य. दवाखान्यातून आल्यापासूनचं पहिलं. चौघांपैकी कुणी हललं नाही, जणू हललं तर ते फुटेल. बाई मात्र उत्तराची वाट बघत होती, घाई न करता, जितका वेळ लागेल तितका.

"मीठ कमी आहे," ताई म्हणाली.

"मी मुद्दाम कमी घातलंय," धाकटा म्हणाला. "आजारी माणसाला म्हणून..."

बाईने चमचा वाडग्यात ठेवला, वाडगा बोटाने त्याच्याकडे सरकवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

"बरं," धाकटा म्हणाला आणि मीठ आणायला वर गेला.